ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय: पार्ट बदलल्यावर लागलेल्या लाइटांच्या नोंदी

गाडी: स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, २०१७, बीएस-४, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. कंपनीचा आकडा ताकद १८० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. नोंदी सुरू केल्या तेव्हा मीटरवर ७८ हजारांच्या आसपास.

बदललेलं: समोरचा मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा), मूळ कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जागी २०० सेलचा कॅट असलेला तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग आणि या सगळ्याला साजेसा म्हणून घेतलेला ‘स्टेज २’ मॅप (ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, बदललेली फाइल). टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, कंपनीचाच.

लाइट लागली की चहूकडून एकच सल्ला मिळतो, ‘कोड उडव, काही होत नाही.’ कोड म्हणजे ईसीयूने ठेवलेली बिघाडाची नोंद. माझ्या गाडीत एकाच वेळी तीन वेगवेगळे आजार होते आणि बाहेरून तिन्हींचं लक्षण तेच, मीटरमध्ये पिवळं इंजिन. कोणता आजार कशाने निघाला एवढंच लिहितो. मॅप कसा बनतो वगैरे मला विचारू नका.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दिवाळी उरकली, गाडी गॅरेजला लावली. माझा विचार एकेक पार्ट टाकून मध्ये आठवडाभर चालवायचा होता. मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, बंपर एकदाच उतरतोय, सगळं आजच उरकू. परत परत मजुरी कशाला देताय?’ मजुरीपुरतं त्याचं बरोबर होतं. बाकी सगळ्या दृष्टीने हा सल्ला मला पुढे फार महाग पडला.

संध्याकाळी मॅप टाकून गाडी हातात आली. आवाज भरदार, पिकअप जबरदस्त. पुण्यात सिंहगड रोडच्या गर्दीत तपासण्यासारखं याहून जास्त काही नव्हतं.

खर्च: इंटरकूलर ४२,०००, डाउनपाइप ३८,०००, प्लग ४,४००, मॅप ४५,०००, मजुरी ९,०००.

९ नोव्हेंबर

कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली आणि ईपीसी (इंजिनाच्या नियंत्रणातला बिघाड दाखवणारी लाइट) व चेक इंजिन दोन्ही एकदम लागले. पिकअप गायब, ट्रकच्या मागे मुकाट्याने लेन धरली. बाजूला घेऊन इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. ईपीसी गेली, चेक इंजिन राहिली.

गॅरेजला परत. तिथल्या पोराने स्कॅनर लावला, पडद्यावर काय आहे ते मी वाकून बघेपर्यंत ‘क्लिअर’ दाबून मोकळा. ‘झालं साहेब, गेली लाइट.’ काय कोड होता? ‘बूस्टचा काहीतरी.’ बूस्ट म्हणजे टर्बोने भरलेला हवेचा जादा दाब.

कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड लागला तेव्हा आरपीएम किती, लोड (इंजिनावरचा भार) किती, पाणी किती गरम, गाडीचा वेग किती, सगळं तिच्यात असतं. कोड उडवला की तीही जाते. म्हणजे आजचा पुरावा गेला. रात्री स्वतःसाठी ओबीडीइलेव्हन मागवलं, गाडीला लावून फोनवर कोड आणि आकडे वाचणारं डोंगल. घरात ईएलएम-३२७ नावाचा एक स्वस्तातला निळा स्कॅनर पडून होता. तो साधे पी-कोड वाचतो, पण मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी बघायला तो मला कामाला आला नाही.

१३ नोव्हेंबर

डोंगल आलं. पहाटे खंबाटकीपर्यंत गेलो. रस्ता मोकळा, चढ लांब, लोड हवा तसा मिळतो. घाट एकेरी आहे म्हणून जीव त्यातल्या त्यात भांड्यात. शेजारी बसून लॉग बघायला भाऊ होता. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही हा नियम घरूनच ठरवून निघालो होतो.

वर पोचेपर्यंत लाइट लागली. या वेळी उडवली नाही, आधी सगळे फोटो काढले:

पी-०२९९, बूस्ट कमी पडलं, ३,१८० आरपीएम.
पी-०३०२, दोन नंबर सिलिंडर मिसिंग (इंधन नीट पेटत नाही), ४,०५० आरपीएम.
पी-०४२०, कॅटची कार्यक्षमता कमी. हा अजून ‘तुरळक’ म्हणून नोंदलेला.

लॉगमध्ये मागणी २,१०० मिलीबार आणि मिळतंय १,५८०. हे आकडे निरपेक्ष दाबाचे असतात, बाहेरच्या हवेचा दाब त्यातून वजा करायचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने इथे तो ९५०च्या आसपास भरतो, मुंबईसारखा १,०१० नाही. म्हणजे मॅप सव्वा बारच्या थोडं खाली मागत होता आणि मिळत होतं जेमतेम साठ टक्क्यांच्या आत. वेस्टगेट (टर्बोला वगळून धूर सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण बंद, टर्बो जीव तोडून फिरतोय, तरी हवा पोचत नाही. एवढा फरक सेन्सर बिघडल्याने पडत नाही असं नाही, पण पाचच दिवसांपूर्वी जिथे हात घातला तिथेच आधी बघावं.

मिसिंगचा कोड दिसल्यावर परतीला गाडी दोन हजार आरपीएमच्या वर नेली नाही. चेक इंजिन नुसती पेटलेली असेल तर सावकाश घरी जाता येतं. ती लुकलुकत असेल तर पाय काढायचा. न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते.

१५ नोव्हेंबर

आधी बूस्ट. तीन कोडांत पहिला हाच का घेतला, तर याची तपासणी जवळजवळ फुकटात होते.

प्लंबिंगच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची टोपी आणली (₹६०). तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला (₹४०). एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर रबरी होजच्या तुकड्याने टोपी आवळली. इंजिनातली वाफ टर्बोकडे परत नेणारी जोडणीही बंद करावी लागते, नाहीतर हवा तिकडून निसटते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर भाड्याने आणून दहा-बारा पाउंड हवा भरली. त्याच्या वर जायचं कारण नाही, सील उडतात.

ऑइलच्या टोपीपाशी थोडं फुसफुसतं. रिंगांमधून आणि उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा जायचीच, तिकडे लक्ष देऊ नका. मी त्यात बराच वेळ घालवला.

खरी गळती कानाने सापडली नाही. साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घेऊन एकेक जोड भिजवत गेलो. इंटरकूलरच्या डाव्या बाजूला, होज जिथे बसते तिथे, खालच्या अंगाला बुडबुड्यांची माळ आली. वरून पाहिलं तर जोड अगदी नीट बसलेला.

या गाड्यांत त्या जागी पट्टीचा क्लॅम्प नसतो. होजच्या तोंडाला आत ओ-रिंग आणि बाहेर तारेची क्लिप असते. क्लिप खाचेत गेली की ‘टक’ असा आवाज येतो आणि तार दोन्ही बाजूंना सारखी दिसते. माझ्याकडे वरची बाजू खाचेत होती, खालची तार खाचेच्या कडेवर नुसती टेकलेली. कमी बूस्टला जोड धरून ठेवायचा, दाब वाढला की दोन-तीन मिलिमीटर मागे सरकून हवा सोडायचा. होज काढली तर ओ-रिंगला एका जागी नखाने खुडल्यासारखी चीर. कोरडी बसवल्याने मुडपून कापली गेलेली.

नवी ओ-रिंग सुटी मिळत नाही असं पार्टच्या काउंटरवर सांगितलं, अख्खी होज घ्या म्हणे. बुधवार पेठेत ऑइल सील विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग दाखवली, त्यांनी मापून तेल सहन करणाऱ्या रबराची दिली. ₹३५. दोन घेतल्या. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून बसवली, क्लिप दोन्हीकडून आरशात बघून खात्री केली. मग होज हातांनी जोरात ओढून पाहिली. हे ओढून बघणं कुठल्याच गॅरेजमध्ये करताना पाहिलं नाही.

परत हवा भरली. बुडबुडे नाहीत.

१६ नोव्हेंबर

मागणी २,१००, मिळालं २,०८०. पी-०२९९ गेला तो पुन्हा आला नाही. आणि बूस्ट पूर्ण मिळायला लागल्याबरोबर मिसिंग वाढलं. आता ३,५०० पासूनच झटके आणि चेक इंजिन लुकलुकायला लागली. लगेच पाय काढला.

यात नवल काही नाही. सिलिंडरात हवा जितकी दाबलेली तितकी ठिणगीला उडी मारायला अवघड. आतापर्यंत गळतीमुळे बूस्ट कमी होतं म्हणून मिसिंग आडोशाला होतं. असे कोड एकमेकांच्या पाठीमागे लपतात, त्यामुळे एक गेल्यावर दुसरा वाढला तर आपणच काहीतरी बिघडवलं असं समजून घाबरू नये.

१८ नोव्हेंबर

कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) अदलाबदल. दोन नंबरची कॉइल चारला, चारची दोनला. स्कॅनरमध्ये सिलिंडरवार मिसिंगचे आकडे दिसतात. मिसिंग दोनवरच राहिलं, म्हणजे कॉइल चांगली. गॅरेजने मात्र फोनवर चारही कॉइल बदलायचा सल्ला दिला होता, बारा-चौदा हजारांचा. कॉइल हलवून बघायला दहा मिनिटं लागतात.

मग दोनचा प्लग तीनला टाकला. मिसिंग तीनवर गेलं. चोर सापडला.

प्लग बाहेर काढून उन्हात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर, षटकोनाच्या जरा वर, केसाएवढी करडी रेघ, अर्ध्या गोलाला वळसा घालून गेलेली. आधी मळ वाटला, पेट्रोलच्या फडक्याने पुसला तरी जाईना. नख फिरवलं तर अडखळतं. तडा होता. प्लगचा सॉकेट तिरका बसवून आवळला की असं होतं. ठिणगी खाली टोकापर्यंत जायच्या ऐवजी तड्यातून बाहेरच्या लोखंडाला जाते, विशेषतः लोड असताना. रिकाम्या इंजिनवर काहीच कळत नाही, म्हणून गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागायची.

उरलेल्या तिघांची गॅप (ठिणगी उडते ती फट, मिलिमीटरमध्ये) मोजली: ०.७५, ०.८०, ०.७०. डब्यातून काढून तशाच लावलेल्या. चारही प्लग एकाच गॅपचे हवेत आणि बूस्ट वाढवल्यावर गॅप थोडी कमी लागते. मॅप देणाऱ्याने ०.६५ सांगितली होती. त्याच्या निरोपात ती ओळ स्पष्ट होती. प्लग लावणाऱ्यापर्यंत कागद पोचलाच नाही.

नवा प्लग ₹१,१५०. चौघांची गॅप तारेच्या गेजने ०.६५ केली. इरिडियमच्या बारीक टोकाला पाना किंवा गेज टेकवून जोर द्यायचा नाही, ते तुटतं. फक्त बाहेरची पट्टी वाकवायची. इंजिन थंड असताना, सॉकेट सरळ धरून, टॉर्क पान्याने आवळले.

२० नोव्हेंबर

खंबाटकी. बूस्ट पूर्ण, मिसिंगचे आकडे चारही शून्य. गाडी काय पळते!

घरी येईपर्यंत चेक इंजिन पुन्हा पेटली. न लुकलुकता. पी-०४२०, आणि आता ‘तुरळक’ नाही.

२२ नोव्हेंबर

या कोडावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि शेवट मला आवडला नाही. म्हणून जरा सविस्तर.

गाडीला दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कॅटच्या आधी, एक नंतर. आधीचा मिश्रण सांभाळतो. नंतरच्याचं मुख्य काम कॅटवर पाळत ठेवणं. कॅटच्या आतल्या लेपात ऑक्सिजन साठवायची ताकद असते. मिश्रण थोडं पातळ झालं की तो ऑक्सिजन धरून ठेवतो, जाड झालं की सोडतो. त्यामुळे पुढे कितीही वरखाली झालं तरी मागच्या सेन्सरला बऱ्यापैकी स्थिर हवा दिसली पाहिजे. मागचा सेन्सर पुढच्याच्या तालावर नाचायला लागला की ईसीयू म्हणतो, कॅटमध्ये दम नाही.

मूळ कॅट दाट जाळीचा असतो. २०० सेल म्हणजे एका चौरस इंचात २०० छिद्रं, धूर पटकन निघून जावा म्हणून मोठी. छिद्रं मोठी तर भिंती कमी, भिंती कमी तर लेप कमी आणि लेप कमी तर ऑक्सिजन साठवायला जागा कमी. विकणाऱ्याने ‘लाइट येणार नाही’ असं तोंडी सांगितलं होतं. बिलावर तसं काही लिहिलेलं नाही.

पण लगेच कॅटला दोष द्यायचा नाही असं ठरवलं. पी-०४२० खोटा लागायची दोन कारणं माझ्या गाडीत खरोखर शक्य होती. एक, डाउनपाइपच्या जोडातून गळती. धुराच्या लाटांमध्ये दाब क्षणभर खाली जातो तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. दुसरं, इतक्या दिवसांच्या मिसिंगने नवाकोरा कॅटच भाजून निघाला असेल.

२३ नोव्हेंबर

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली. टर्बो आणि डाउनपाइपच्या मधल्या गोल क्लॅम्पखाली बोट फिरवलं तर एका बाजूला काजळीची जीभ. क्लॅम्प तिरका. सोडला, तोंडं साफ केली, नवा गॅस्केट (₹१,४००) टाकला, पाइपचं वजन खालून जॅकवर तोलून मग क्लॅम्प आवळला. पाइप लोंबकळत असताना आवळला की तो तिरकाच बसतो.

मागच्या सेन्सरच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून कॅटचं मागचं तोंड पाहिलं. जाळी शाबूत. पुढचं तोंड टर्बोच्या बाजूने पाहून घेतलं होतं, तेही न वितळलेलं. म्हणजे कॅट नवा आणि ठणठणीत.

कोड उडवला. या वेळी उडवणं योग्य, कारण दुरुस्ती केली होती आणि ती तपासायची होती. पण उडवल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात. कॅटची चाचणी पूर्ण व्हायला इंजिन गरम आणि एका वेगाने काही वेळ शांत चालणं लागतं. शहरातल्या सिग्नलमध्ये ती होतच नाही. म्हणून पुष्कळ जण ‘आठवडा झाला, लाइट आली नाही, गेला कोड’ म्हणतात आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात ती पेटते.

२९ नोव्हेंबर

साताऱ्याला जाऊन आलो, क्रूझ लावून. चाचणी पूर्ण झाली. पी-०४२० परत.

गरम इंजिन २,५०० आरपीएमवर धरून लॉग काढला. मागचा सेन्सर ०.१५ ते ०.७८ व्होल्ट, झुल्यासारखा. गळती नाही, कॅट जळालेला नाही, सेन्सर आपलं काम चोख करतोय. कोड खरा आहे.

मध्येच एक शंका फिटली ती लिहून ठेवतो. इंधनाचा दीर्घकालीन ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट, +६ ते +७ टक्के दिसत होता. मला वाटलं हवेची गळती. पण इनटेकमध्ये गळती असेल तर ट्रिम रिकाम्या इंजिनला जास्त आणि वेगात कमी दिसतो. इथे दोन्हीकडे सारखाच होता. हे पंपावरचं ई-२० पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका भागामागे हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के इथेनॉल घातल्यावर साडेतेराच्या आसपास. ईसीयू तेवढं इंधन वाढवून घेतो. परदेशी मॅप त्यांच्या पेट्रोलवर बनवलेला, त्यामुळे सुधारणेला राहिलेली जागा इथे आधीच थोडी खर्च झालेली असते. कोड लागण्याइतकं हे नाही. मॅप देणाऱ्याला कळवलं, त्याने ते गृहीत धरून फाइल दिली.

२ डिसेंबर

पीयूसीची मुदत संपत आली होती. लाइट पेटलेलीच, तशीच गाडी नेली. पास! बीएस-४ पेट्रोलला रिकाम्या इंजिनवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) २०० पीपीएमची मर्यादा, मी दोन्हींच्या बऱ्याच आत.

‘पीयूसी पास आहे म्हणजे कॅट चांगला, कोड खोटा’ हा युक्तिवाद मी स्वतः इतरांना ऐकवलेला आहे. तो चुकीचा आहे. पीयूसीला गाडी उभी असते, धूर थोडा, कॅट गरम, २०० सेललाही तेवढं झेपतं. घाटात चार माणसं घेऊन चढताना किती झेपतं ते तिथलं यंत्र बघत नाही. गाडीचा ईसीयू बघतो.

५ डिसेंबर

पुढे काय, यावर तीन सल्ले मिळाले.

एक, मागच्या सेन्सरखाली स्पेसर. लोखंडी नळकांडं, ₹१,५००. सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढला जातो आणि त्याला सगळं शांत दिसतं. दोन, मॅपमधूनच पी-०४२० बंद. मॅपवाला फुकट करून द्यायला तयार. तीन, मूळ डाउनपाइप परत.

पहिल्या दोन्हींत लाइट जाते हे खरं. मला ते नको होतं, आणि कारण साधूपणाचं नाही. या इंजिनात मागचा सेन्सर नुसती पाळत ठेवत नाही, पुढच्याच्या वाचनात बारीक दुरुस्तीही करतो. त्याचं नाक दाबलं की मिश्रणाचा एक राखणदार गेला. आणि कोडच बंद केला तर उद्या जाळी खरोखर फुटून सायलेन्सरमध्ये अडकली तरी मीटर गप्प. ज्या लाइटने मला क्लिप आणि तडा दाखवला तिलाच पैसे न घेता आंधळं करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या बाहेर जाणारा फेरफार मालकाला करता येत नाही. कॅट हा तर थेट प्रदूषणाचा भाग. रस्त्यावर कोण तपासतं, हा प्रश्न वेगळा. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने गाडी उचलून पाहिली की तो वेगळा राहत नाही. इंटरकूलर आणि मॅपलाही हे कलम लागू पडतं हे मला ठाऊक आहे. कुठे थांबायचं ते प्रत्येकाने आपलं ठरवावं, मी कॅटपाशी थांबलो.

६ डिसेंबर

मूळ डाउनपाइप मी भंगारात दिला नव्हता, गॅलरीत गोणपाटात होता. घरून ‘हे लोखंड कधी जाणार’ असं रोज विचारलं जायचं. ज्यांच्याकडे मूळ पाइप नसेल त्यांनी नव्या कॅटची किंमत विचारून बघावी, मग खाली बसून पाणी प्यावं.

बसवणूक दुसऱ्या गॅरेजात, मी तिथे उभा राहून. गॅस्केट आणि क्लॅम्प नवे. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ लावलं, टोकाला लागू दिलं नाही. टोकाला लागलं तर सेन्सर बाद. पाइप जॅकवर तोलून मगच क्लॅम्प आवळला. त्यांना हे सांगावं लागलं नाही, म्हणून पुढचं कामही तिथेच देणार आहे.

मजुरी ३,५००, गॅस्केट आणि क्लॅम्प ३,२००.

मॅप ‘स्टेज १’ वर आणला. ‘स्टेज २’ची फाइल मोकळ्या डाउनपाइपसाठी असते. मूळ पाइपवर तीच ठेवली तर टर्बोला नको तितकं पळावं लागतं. फाइल बदलताना टॉर्क २९० वर बांधून मागितला. या गाडीतला कोरड्या क्लचचा डीएसजी कंपनीच्या हिशोबाने २५० चा आहे. साडेतीनशेची फाइल विकणाऱ्यांना क्लच पॅकचं बिल भरावं लागत नाही. २९० देखील वरच आहे, आणि ती जोखीम माझी. फाइल बदलण्याचे ६,००० घेतले.

१४ डिसेंबर

महाबळेश्वर, पसरणी घाटाने. सगळ्या चाचण्या पूर्ण, कोड नाही. मागचा सेन्सर २,५०० वर ०.६८ ते ०.७२. मागणी १,९५०, मिळालं १,९४०. इंटरकूलरमुळे घाटाच्या वरच्या टोकालाही आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा १२-१३ अंशांनीच गरम. याआधी माझ्याच गाडीत तो फरक तिशीच्या पुढे जायचा. या सगळ्या खरेदीत पैसे वसूल झालेली वस्तू हीच.

‘स्टेज २’पेक्षा गाडी किती मंदावली? वरच्या आरपीएमला फरक कळतो. गावातल्या ओव्हरटेकला नाही. आवाज मात्र गेला, आणि त्याची हळहळ आहे.

११ जानेवारी २०२६

लाइट नाही. ऑइल बदललं. त्या ओ-रिंगचा जोड उघडून पाहिला, रिंग चांगली, क्लिप जागेवर. दुसरी रिंग ग्लव्ह बॉक्समध्ये.

एकूण हिशोब: सुरुवातीचे १,३८,४००. त्यानंतर डोंगल धरून दुरुस्तीला आणि परत फिरायला बावीस हजारांच्या आसपास. त्यातले खऱ्या बिघाडांवर लागलेले, म्हणजे रिंग, टोपी, व्हॉल्व्ह आणि प्लग, दीड हजाराच्या आत. बाकी सगळे डोंगलचे, कॅट काढून परत बसवण्याचे आणि मॅपचे. डाउनपाइप विकायला काढला आहे. कोल्हापूरच्या एकाने २२,००० लावलेत. त्यालाही १.८ वरच टाकायचाय. पी-०४२० लागणार हे त्याला लॉगच्या फोटोसकट कळवलं. अजून उत्तर नाही.